पीनट बटर: वाटीनं की काट्यावर? अनुभव लिहा

अंबाजोगाईची लेक: माळा आवरताना आजीचं पितळी मापटं सापडलं. तीळ, कारळं, दाणे सगळं ती त्यानंच घ्यायची. घाण्यावर दाणे न्यायचे असले की मात्र काटाच. "माप डोळ्याला, तेल वजनाला," म्हणायची. आता लेकीला बिस्किटं करायचीत, पाककृतीत लिहिलंय 1 कप पीनट बटर. 240 मिलीच्या कपात ते 255 ग्रॅमच्या आसपास बसतं, 15 मिलीच्या मोठ्या चमच्यात 16 ग्रॅम. पण दाबून भरलं की जास्त, मधे हवा राहिली की कमी, अन् कपाला चिकटतं ते निराळंच. मला आजीचंच पटतं. तुम्ही कसं करता?

गोदाकाठ: अख्खी बरणीच काट्यावर ठेवा, शून्य करा, चमच्यानं काढत राहा. वजा 64 दिसलं की 4 मोठे चमचे झाले. कप भरायचाही नाही, खरवडायचाही नाही.

नांदेडकर काकू: मापट्याचा फोटो टाक गं. आमच्याकडं ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक नाही म्हणायचे, लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन... मामंजी गेल्यापासून ते ऐकायला येत नाही बघ.

जालन्याहून: काकू, आमच्या खळ्यावरही लाभच! आठवण काढलीत, बरं वाटलं. ज्वारीची पायली अन् तिळाची पायली वजनाला सारखी कधीच भरत नाही, आडतीवर म्हणून तर काटा.

काळी_माती: घरातल्या वाटीला कप समजू नका, प्रत्येक घरची वेगळी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. त्याला 1.07 नं गुणलं की पीनट बटरचं वजन. 150 मिलीची वाटी असेल तर साधारण 160 ग्रॅम. बदामाच्या बटरलाही जवळपास हेच चालतं. ताहिनी, म्हणजे तिळाचं बटर, थोडी हलकी, मोठ्या चमच्याला 15 ग्रॅम.

उदगीरची मावशी: मी घरीच करते. दाणे भाजायचे, टरफलं पाखडायची, मग तोलायचं. पाव किलो बटर पाहिजे तर सोललेले पाव किलो दाणे, हिशोबच नको. पण बटरऐवजी कूट घेणार असाल तर वाटीला वाटी धरू नका बायांनो. कूट भुसभुशीत, वाटीत कमीच मावतं. ग्रॅमला ग्रॅम घ्या, वरून थोडं तेल. कुकर झाला, येते.

लातूरकर: बहीण मेलबर्नला असते, तिनं पाककृती पाठवली. तिकडचा मोठा चमचा 20 मिलीचा! म्हणजे 21 ग्रॅम. 4 चमच्यांत वीसेक ग्रॅमचा फरक पडतो. पाककृती कुठली आहे ते आधी बघा.

अंबाजोगाईची लेक: हे लई कामाचं सांगितलंत दादा. बरणीत वर तेल येतं, ते ढवळून घेता का ओतून टाकता?

गोदाकाठ: ढवळूनच ताई. ओतलं तर तळाचं कोरडं राहतं, बिस्किटं भुगा होतात. आधी ढवळा, मग तोला.

नांदेडकर काकू: उदगीरच्या मावशी, दाणे कुठले तुमचे? इकडं मनासारखे मिळेनात.

उदगीरची मावशी: घरच्या रानातले. येळवशीला या की, भज्जी-आंबील खाऊन जा, दाणेही देते बांधून.

जालन्याहून: मावशी, आम्ही पण येतो हं!