मदत हवी आहे : सर्व्हर नागपुरातून उघडतो, बाजूच्या खोलीतून उघडत नाही, बॅकअप बंद

नमस्कार मंडळी,

पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका गावात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हा धंदा. दिवाळी झाली, गावोगावी मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या की मी दंडारी (रात्रभर चालणारी नाच-गाण्याची लोकनाट्यं) आणि म्हाताऱ्या माणसांची गाणी रेकॉर्ड करत फिरतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण सहा वर्षांत दीड टीबीच्या वर जमलं आहे.

यंदाच्या मंडईत एका दंडारीतले बाबाजी रात्रभर गायले. पहाटे पाठीला भिंत टेकवून बसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी उभं राहणं होत नाही बाबू, काय ते भरून घे." ते सगळं रेकॉर्डिंग आत्ता फक्त कॅमेऱ्याच्या कार्डांत आणि लॅपटॉपवर आहे. चार लग्नं तोंडावर आहेत, कार्डं रिकामी करायची आहेत, आणि बॅकअप चालत नाही. म्हणून हा धागा.

मांडणी अशी आहे. माजघरात जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवला आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्स), ग्राफिकल डेस्कटॉपसकट. पत्ता १९२.१६८.१.१०. स्टुडिओ सपरीला (पडवीला) लागूनच्या खोलीत आहे. तिथला लॅपटॉप, विंडोज ११, केबलनं त्याच स्विचला जोडलेला, पत्ता १९२.१६८.१.२३. रोज रात्री ११ वाजता रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची आज्ञा) लॅपटॉपवरचं काम सर्व्हरच्या सांबा फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोजला नेटवर्कवरून दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, टाकते. आमच्या फायबरला स्वतःचा पब्लिक पत्ता नाही, राउटरवर १००.६४ नं सुरू होणारा पत्ता दिसतो. त्यामुळे बाहेरून थेट येता येत नाही. म्हणून नागपूरला राहणाऱ्या भाच्यानं मुंबईतला एक भाड्याचा सर्व्हर मधे घेऊन वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून काढलेली खाजगी वाट) लावून दिला. व्हीपीएनवर माझा सर्व्हर १०.८.०.२. भाच्याच्या घरी एक नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) आहे, सर्व्हरवरचं सगळं पहाटे ३ ला तिकडे जातं.

आता अडचण. लॅपटॉपवरून सर्व्हर उघडत नाही. रोबोकॉपी "एरर ५३, नेटवर्क पाथ सापडला नाही" म्हणते. पण भाचा नागपुरातून सर्व्हरवर आरामात येतो. त्याहून विचित्र म्हणजे माझ्या मोबाईलवर व्हीपीएन सुरू केला की याच घरातल्या वायफायवरून १०.८.०.२ उघडतो, आणि व्हीपीएन बंद करून १९२.१६८.१.१० टाकला तर नाही.

केबल बदलली, कारण उंदरांनी एकदा कुरतडली होती. स्विच बदलून पाहिला. सर्व्हरची फायरवॉल बंद करून पाहिली. फरक नाही.

अजून एक गोष्ट, कामाची आहे की नाही सांगता येत नाही. गेल्या ११ रात्रींपैकी दोन रात्री बॅकअप झाला. त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी लाईन गेली होती, आणि लाईन आली तरी नेट सकाळपर्यंत बंद होतं.

आणि मनाला लागलेली गोष्ट ही की नागपूरची प्रत नेट असलं की पहाटे "यशस्वी" दाखवत होती. मी तेवढंच पाहत होतो. सर्व्हरवर नवीन काही येतच नव्हतं, तर ती जुनंच ताडून "यशस्वी" म्हणणार. कृपया मार्ग सांगा.

प्रतिसाद १
विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आहे का? त्यानंतर प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, सांबा फोल्डर उघडणं बंद झालं आहे आणि साइनिंगही (प्रत्येक संदेशावर खरेपणाची खूण) सक्तीचं झालं आहे. माझ्या दुकानात हेच झालं होतं.

धागाकर्ता
आभारी आहे भाऊ. पण फोल्डरला नाव-पासवर्ड आहे, आणि लॅपटॉपवरून साधा पिंगही ("आहेस का?" विचारणारा चाचणी संदेश) जात नाही. राउटरला जातो, सर्व्हरला नाही. बायकोचा विंडोज १० चा लॅपटॉप लावून पाहिला, तोही तसाच. म्हणून फोल्डरच्या खालीच काहीतरी आहे असं वाटतं.

प्रतिसाद २
मोबाईलवरून व्हीपीएननं उघडतो ना, मग लॅपटॉपवरही वायरगार्ड टाका आणि १०.८.०.२ वर कॉपी करा. प्रश्न मिटला.

धागाकर्ता
एका लग्नाचे ६० जीबी होतात. त्या वाटेनं माल मुंबईला जाऊन परत येणार. आमचा अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे एका लग्नाला १३ तासांच्या वर. केबलनं हेच काम पंधरा-वीस मिनिटांत व्हायचं.

प्रतिसाद ३
भाऊ, तुम्ही जी गोष्ट कामाची आहे की नाही म्हणालात, तीच कामाची आहे. नेट नव्हतं तेव्हा बॅकअप झाला, याचा अर्थ बहुतेक त्या रात्री व्हीपीएन उठलाच नव्हता. तुमच्या वायरगार्डच्या फाइलीत मुंबईच्या सर्व्हरचं नाव लिहिलं असेल, आकडी पत्ता नसेल. सर्व्हर सुरू होताना नेट नसेल तर त्या नावाचा पत्ता मिळत नाही, आणि सेवा थोडा वेळ खटपट करून थांबते. व्हीपीएन नाही, तर बॅकअप चालू. व्हीपीएन आला, की बंद.

दोन गोष्टी करून पाहा. सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारी आज्ञा) लावा आणि लॅपटॉपवरून पिंग करा. उलटं, म्हणजे सर्व्हरवरून लॅपटॉपला पिंग करून अंदाज बांधू नका. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. दुसरं, सर्व्हरवर "आयपी राउट गेट १९२.१६८.१.२३" ही आज्ञा द्या आणि काय येतं ते लिहा. या आज्ञेनं काही बदलत नाही. त्या पत्त्याला पाठवायचं झालं तर कोणत्या दारानं जाईल, एवढंच ती सांगते.

धागाकर्ता
केलं. केबलच्या कार्डावर पिंग येताना दिसतो, दर सेकंदाला एक. उत्तर एकही नाही. आणि राउट गेट म्हणते "डेव्ह डब्ल्यूजी०, सोर्स १०.८.०.२". लॅपटॉप दहा फुटांवर आहे आणि त्याचं उत्तर सर्व्हर व्हीपीएनमध्ये टाकतो आहे!

प्रतिसाद ३
सापडलं मग. भाच्याच्या घरचं नेटवर्कही १९२.१६८.१ चंच आहे का ते विचारा. पुष्कळ राउटर कारखान्यातून हीच मालिका घेऊन येतात. त्याच्या नॅसपर्यंत पोचायचं म्हणून त्यानं तुमच्या फाइलीत अलाउड-आयपीजच्या ओळीत (कोणते पत्ते व्हीपीएननं जायचे ती यादी) १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारे सगळे पत्ते, लिहिलं असणार. त्यामुळे तुमच्या सर्व्हरकडे एकाच मालिकेच्या दोन वाटा झाल्या, एक केबलची आणि एक नागपूरची. डेबियनच्या डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर केबलच्या वाटेला १०० मेट्रिक देतो, वायरगार्डची वाट शून्यावर लागते. ज्याचा आकडा लहान, त्याची वाट पहिली. नागपूर १०.८ वरून बोलतं, म्हणून त्याला काही अडचण येत नाही. मोबाईलचं तेच.

सगळी मालिका काढा आणि नॅसचा एकटा पत्ता लिहा, शेवटी /३२ लावून. तोच पत्ता तुमच्या घरात कुणाला मिळू देऊ नका. हा तात्पुरता उपाय. पक्का उपाय म्हणजे दोघांपैकी एका घराची मालिका बदलायची, उदाहरणार्थ १९२.१६८.७३. किंवा नॅसवरच वायरगार्ड चालत असेल तर त्याला १०.८ मधला पत्ता द्या, मग घरच्या मालिकेचा संबंधच राहत नाही.

धागाकर्ता
भाच्याला फोन केला. त्यानं ओळ वाचून दाखवली: १०.८.०.०/२४ आणि पुढे १९२.१६८.१.०/२४. नॅस त्यानं ज्या रविवारी जोडला, त्या आठवड्यात मी मंडयांत होतो आणि लॅपटॉप माझ्यासोबत. म्हणून दोन गोष्टींचा मेळ मला लागला नाही. तो म्हणाला, "मामा, मी इथून व्हीपीएन बंद केला तर मीच बाहेर पडेन. तुम्ही समोर बसून करा."

बसलो. दुसरी मालिका काढून नॅसचा १९२.१६८.१.५०/३२ लिहिला, व्हीपीएन खाली घेतला, परत वर आणला. राउट गेट आता केबलचं कार्ड दाखवतं. पिंगला लगेच उत्तर आलं. आमच्या राउटरवर ५० नंबर कुणाला जाणार नाही असं करून ठेवलं. येत्या रविवारी भाचा त्याच्या घरची मालिका बदलतो आहे.

धागाकर्ता
सकाळ झाली, लगेच कळवतो. रात्री ११ चा बॅकअप झाला, लॉगमध्ये फेल झालेल्या फाइली ०. पहाटेची नागपूरची प्रतही गेली. यावेळी नुसतं "यशस्वी" पाहून थांबलो नाही. लॅपटॉप आता रोज त्या दिवसाच्या तारखेची एक लहान फाइल सोबत पाठवतो, आणि ती नॅसवर पोचली नाही तर भाच्याला मेल जातो.

बाबाजींची पहाटेची लावणी सर्व्हरवरून उघडून ऐकली. भाच्यानंही नॅसवरून उघडून मला फोनवर ऐकवली, शेवटपर्यंत. मगच कार्डं रिकामी केली. प्रतिसाद ३ वाले भाऊ, तुमचे फार फार आभार.