मदत हवी आहे: कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट सांभाळून लॉजिस्टिक्सचा एमबीए दूरशिक्षणाने करायचाय

कुपवाड_डिस्पॅच:

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. गाडी लावून घेणं, लोडिंग, एलआर (वाहतूकदाराची मालाची पावती), ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), गेटपास हे रोजचं काम. शिफ्ट दर आठवड्याला फिरते: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. शिक्षण बी.कॉम., ५४ टक्के. इथून वर जायचं तर मॅनेजमेंटची पदवी लागते आणि नोकरी सोडणं शक्य नाही.

सांगलीतल्या एका क्लासवाल्याने सांगितलंय की एका वर्षात एमबीए होईल, परीक्षेचं ते बघून घेतील, पैसे दोन हप्त्यांत. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं आहे. पहिला हप्ता अजून दिलेला नाही. हे चालेल का? नसेल तर काय करावं? शिफ्टमध्ये अभ्यास कसा बसवायचा? गणिताची भीती आहे, तेही सांगून ठेवतो.

मिरज_जंक्शन:

हप्ता देऊ नका. दूरशिक्षणाने एमबीए दोन वर्षांपेक्षा कमी काळात होत नाही. एका वर्षाचा पीजी डिप्लोमा असू शकतो आणि तो खरा असला तर कामाचाही असतो, पण तो एमबीए नव्हे. परीक्षा 'बघून घेऊ' म्हणणाऱ्याकडे पुढचं विचारायचीही गरज नाही.

दुसऱ्या राज्याचा मुद्दा नीट समजून घ्या. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येतं आणि क्लासला फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी नाही. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीचं बंधन नसतं, पण त्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते. 'आमच्याकडे दूरशिक्षणाची मान्यता आहे' म्हणून ऑनलाइनचा प्रवेश देत असतील तर दोन्ही वेगवेगळं तपासा.

तपासायचं कुठे? यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर. विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेताय ते सत्र, तिन्ही एका ओळीत जुळायला हवीत. मागच्या वर्षी मान्यता होती आणि या सत्राला नाही, असं होतं. तो प्रवेश मग वाया जातो.

तुमच्यासाठी सरळ रस्ता इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा आहे. तिथे लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटचा स्वतंत्र एमबीए आहे. खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात, राखीवला ४५, तेव्हा तुम्ही बसता. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. किमान दोन वर्षं, कमाल चार. हे चार वर्षांचं कलम नोकरी करणाऱ्याने आधी वाचावं. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात, त्यामुळे बढतीसाठी ती चालते.

पैसे भरण्याआधी ई-ज्ञानकोशवर जा. इग्नूची पुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट आहेत. पहिल्या सत्रातलं अकाउंटिंगचं आणि क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिसचं एकेक प्रकरण शिफ्टवरून आल्यावर वाचून बघा. भाषा आणि वेग झेपतोय का ते तिथेच कळेल.

तुमच्या पॅकिंगमधल्या बारावीवाल्या पोरांनी विचारलं तर त्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. मराठीतून करायला सांगा. १९८९ सालचं विद्यापीठ आहे आणि नाव आपल्या देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांचं. एमबीएचा विचार त्यानंतर.

बेदाणा_कोल्डस्टोअर:

दादा, दूरशिक्षणात माणूस विषय अवघड म्हणून क्वचितच अडकतो. तो तारखांत अडकतो. म्हणून आधी हिशोब मांडा.

इग्नू एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरते. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. पहिल्या सत्रात सात विषय, म्हणजे ८४० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला ३२ तास होतात. आठ तास उभं राहून गाड्या भरणाऱ्याला हे जमणार नाही आणि जमवायचा हट्टही धरू नका. दर परीक्षेला चारच विषय द्या. ४८० तास, आठवड्याला साडेअठरा. एकूण २८ विषय भागिले चार म्हणजे सात खेपा, साडेतीन वर्षं. चार वर्षांत आठ परीक्षा येतात, म्हणजे एक खेप हातात शिल्लक राहते. घरात लग्न, आजारपण, डिसेंबरचा स्टॉकटेकिंग, काय येईल सांगता येत नाही.

साडेअठरा तास कुठून आणायचे? पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी साडेचार ते सात बसा. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी नऊ ते साडेअकरा. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात नवं काही शिकायला जाऊ नका, झोप मोडते आणि वाचलेलं राहत नाही. तो आठवडा असाइनमेंट लिहायला ठेवा. तिसऱ्या शिफ्टचे तास कमी पडतात, ते सुट्टीच्या दिवशी सहा तास बसून भरून काढा.

असाइनमेंटला ३० टक्के वजन, परीक्षेला ७०. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. परीक्षेत ६० मिळाले आणि असाइनमेंट दिलीच नाही तर विषय राहिला. जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंटची मुदत साधारण मार्च-एप्रिल, डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर. प्रश्नपत्रिका त्या-त्या सत्राची असते, मागच्या सत्राची लिहून दिली तर घेत नाहीत. हाताने लिहा. झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार असाइनमेंट उतरवू नका, दहा जणांची उत्तरं अक्षर न् अक्षर सारखी निघाली की तपासणाऱ्याला लगेच समजतं. जमा केल्यावर पोच घ्या आणि निकालपत्रात गुण चढेपर्यंत जपा. गुण न चढण्याची तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि पोच नसेल तर बोलायला जागा राहत नाही.

पुढच्या सत्राची री-रजिस्ट्रेशन वेगळी आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला जात नाही. मागचे विषय राहिले असले तरी री-रजिस्ट्रेशन करता येतं, त्यासाठी निकालाची वाट बघू नका. असाइनमेंटची मुदत, परीक्षेचा फॉर्म, री-रजिस्ट्रेशन आणि हॉल तिकीट, या चार तारखा गेटवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

आता परीक्षा. पेपर सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५ असतात. सात ते तीनची शिफ्ट सकाळच्या पेपरला आडवी येते आणि दुपारच्यालाही, कारण सुटेपर्यंत पेपर सुरू झालेला असतो. तीन ते अकरा दुपारच्याला आडवी येते. सकाळच्या पेपरला आदल्या दिवशी पहिली शिफ्ट आणि त्या दिवशी दुसरी मागा, रजा वाचते. दुपारच्या पेपरला रजाच टाका. तिसरी शिफ्ट उतरून सात वाजता घरी आणि दहाला पेपर, असं अजिबात करू नका. वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी तारखा लिहून शिफ्ट इन्चार्जला द्या. आठ दिवस आधी सांगितलं की बदली मिळते, आदल्या रात्री सांगून मिळत नाही.

वाईकर_ताई:

छोटीशी गोष्ट, पण प्रवेश इथेच अडतो. आता दूरशिक्षणाला डेब आयडी (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवरून (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) निघतो, आणि एबीसी आयडी डिजिलॉकरमधून आधारवर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी छापतात, आधारवर शेवटी. काही जणांचं वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असतं. प्रवेशाच्या आधी महिनाभर आधार, दहावी आणि पदवी तिन्हींवरचं नाव समोरासमोर ठेवून वाचा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, फॉर्म नंतर भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत तयार ठेवावी.

कुपवाड_डिस्पॅच:

खूप खूप आभार. क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. माझ्या आधारवर मधलं नाव नुसतं 'आर' आहे, उद्याच जातो. आता गणिताचं सांगा. ई-ज्ञानकोशवर इन्व्हेंटरीचं प्रकरण उघडलं, ईओक्यूचं (एका वेळी किती माल मागवायचा त्याचं) वर्गमूळ बघून बंद केलं.

थप्पी_आणि_पॅलेट:

उघडा परत, कारण ते तुमच्याच गोदामाचं गणित आहे. एक उदाहरण घ्या.

रिकाम्या क्रेटची वर्षाची गरज १२,०००. एका ऑर्डरमागे फोन, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), गाडी उतरवणं, मोजणं मिळून ३०० रुपये. एक क्रेट वर्षभर गोदामात ठेवायला जागा, व्याज, तूटफूट मिळून २० रुपये. सूत्र: दोन गुणिले वर्षाची गरज गुणिले ऑर्डरचा खर्च, भागिले ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. ७२,००,००० भागिले २० म्हणजे ३,६०,०००. वर्गमूळ ६००.

म्हणजे एका वेळी ६०० मागवा, वर्षात २० ऑर्डरी. ताळा करा: २० ऑर्डरींचे ६,००० रुपये. सरासरी साठा ६०० चा निम्मा, ३००, गुणिले २० म्हणजे ६,००० रुपये. दोन्ही खर्च सारखे आले की उत्तर बरोबर. पेपरात हा ताळा शेवटी लिहा.

चूक कुठे होते? गरज महिन्याची घेतात आणि ठेवण्याचा खर्च वर्षाचा. १,००० घातले की उत्तर १७३ येतं आणि पोरगं सूत्राला दोष देतं. दोन्ही वर्षाचे घ्या किंवा दोन्ही महिन्याचे.

दुसरं, सेफ्टी स्टॉक, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून जादा ठेवायचा साठा. वर्षात कामाचे ३०० दिवस, म्हणजे रोज सरासरी ४० क्रेट. रोजच्या खपातला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, २० धरू. माल यायला चार दिवस. शंभरातल्या ९५ वेळा माल कमी पडू नये म्हणून १.६५ हा आकडा घेतात. १.६५ गुणिले २० गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे दोन. उत्तर ६६. नव्वद टक्के मुलं दोनऐवजी चारने गुणून १३२ काढतात असं समजा आणि तुम्ही तिथे थांबून बघा. चढउतार चार दिवसांत एकमेकांना थोडे खोडतात, एक दिवस जास्त खप तर एक दिवस कमी, म्हणून वर्गमूळ. मग ४० गुणिले ४ म्हणजे १६०, अधिक ६६. साठा २२६ वर आला की ऑर्डर टाका. माल येण्याचे दिवसच मागेपुढे होत असतील तर सूत्र वेगळं, ते याच्या पुढच्या पानावर येतं.

ट्रान्सपोर्टेशनच्या गणितात, म्हणजे कोणत्या गोदामातून कुणाला किती माल पाठवायचा त्या तक्त्यात, एकच पथ्य पाळा. तीन गोदामं आणि चार गिऱ्हाइकं असतील तर भरलेल्या खान्यांची संख्या तीन अधिक चार वजा एक, म्हणजे सहा हवी. पाचच भरली तर मोडी (MODI) पद्धत, म्हणजे उत्तर सगळ्यात स्वस्त आहे का ते तपासायची रीत, मध्येच अडते. तिथे एका योग्य रिकाम्या खान्यात अगदी सूक्ष्म आकडा धरून पुढे जायचं. पुरवठा आणि मागणी जुळत नसेल तर सगळ्यात आधी शून्य भाड्याचा खोटा रकाना किंवा खोटी ओळ जोडा.

कॅलक्युलेटरचं बटण दाबण्याआधी प्रत्येक आकड्यापुढे 'रोज', 'महिना', 'वर्ष' लिहायची सवय लावा. आणि क्वांटिटेटिव्ह शेवटच्या खेपेपर्यंत ढकलू नका, पुढचे विषय त्याच्यावर उभे आहेत.

मिरज_जंक्शन:

याला जोडून: आधी चाचपून बघायचं असेल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन संकेतस्थळावर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या उपक्रमाचा) सप्लाय चेनचा १२ आठवड्यांचा कोर्स घ्या. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे. असाइनमेंटला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. बारांपैकी तुमच्या उत्तम आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे तिसऱ्या शिफ्टचे चार आठवडे चुकले तरी चालतं.

बेदाणा_कोल्डस्टोअर:

मला हे पटत नाही. ५४ टक्के आहेत, नोकरी त्याच क्षेत्रातली आहे, मग सहा महिने चाचपण्यात का घालवायचे? एनपीटीईएल बाजूने करा. प्रवेश येत्या सत्रात घ्या.

कुपवाड_डिस्पॅच:

ठरलं, येत्या सत्रात. शेवटचं विचारतो: एमबीएच्या प्रोजेक्टला विषय कोणता घेऊ? आमच्या इथले आकडे बाहेर दिलेले चालतील का?

वजनकाटा:

गेट रजिस्टर उघडा, विषय तिथेच आहे. एका गाडीची ओळ अशी असते: गेट आत १०:२०, डॉकला (माल भरायच्या फलाटाला) ११:४५, लोडिंग पूर्ण १:०५, गेट बाहेर २:१०. गाडी आवारात तीन तास ५० मिनिटं होती. भरायला त्यातली एक तास २० मिनिटंच गेली. डॉक रिकामा होण्याची वाट एक तास २५ मिनिटं, आणि माल भरून झाल्यावर कागदाची वाट एक तास पाच मिनिटं. सगळे हमालांना घाई करतात, पण जास्त वेळ हमालांकडे जातच नाही.

तीन महिन्यांच्या गाड्या अशा चार वेळांनी एक्सेलमध्ये उतरवा. गाडीचा प्रकार, वार आणि शिफ्ट हे तीन रकाने जोडा. सरासरीवर थांबू नका, एखादी गाडी रात्रभर अडकली की सरासरी फुगते, म्हणून मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) काढा. मग गाडीच्या आधी एलआर आणि इन्व्हॉइसचा मसुदा तयार ठेवून महिनाभर पुन्हा नोंदी घ्या. ई-वे बिलाचा भाग अ आधी भरून ठेवता येतो, गाडीचा नंबर लागला की भाग ब. पण भाग ब भरल्यावरच मुदत सुरू होते, दर २०० किलोमीटरला एक दिवस, तेव्हा तो उगाच आधी भरून ठेवू नका.

रजिस्टरमध्ये एक अडचण येईल. डॉकला लागल्याची वेळ बऱ्याच ठिकाणी कुणी लिहीत नाही, गेटच्याच दोन वेळा असतात. ती वेळ आजपासून टिपायला सुरुवात करा, मागची अंदाजाने भरू नका.

आकड्यांसाठी व्यवस्थापनाकडून लेटरहेडवर लेखी परवानगी घ्या. गिऱ्हाइकाचं नाव, दर आणि गाडीचा नंबर काढून टाका, 'गिऱ्हाईक अ', 'गाडी १' असं लिहा. विषयाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, मंजुरीशिवाय लिहिलेला अहवाल परत येतो. मंजुरीचा कागद अहवालात बांधायचा असतो, तेव्हा मूळ प्रत फाइलला लावा आणि फोनमध्ये फोटोही काढून ठेवा.