एसएमपीएसचा पंखा खाली की वर? माझं मत: फरशीवरच्या कॅबिनेटला वर

धूळधाण:
कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट घेतलं की दुकानदारापासून यूट्यूबपर्यंत सगळे एकच सांगतात: एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) तळाशी बसतो, त्याच्या पंख्याचं तोंड खाली ठेवा, बाहेरची गार हवा मिळते. कॅबिनेट टेबलावर असेल तर बरोबर आहे. पण आपल्याकडे ते बहुधा टेबलाखाली, फरशीवर असतं. पाय जेमतेम बोटभर उंच. रोज शेजारून झाडू फिरतो, आणि खालचा पंखा केस, धूळ सगळं ओढत बसतो. तळाला फिल्टर असतो हो, पण बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो मागून निघतो. म्हणजे वायरी सोडवा, कॅबिनेट पुढे ओढा. कोण करतंय? जाळी बुजली की पंखा कितीही गरगरला तरी हवा येत नाही. त्यापेक्षा तोंड वर करा. पुढच्या पंख्यांचा फिल्टर समोरून निघतो, तेवढा साफ होतो.

विदर्भवासी:
अजिबात पटलं नाही. गेम खेळताना मोठं ग्राफिक्स कार्ड 250-300 वॅट उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं, आणि त्याच्या बरोबर खाली तुमचा वर तोंड केलेला एसएमपीएस! एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचा (वीज साठवणारा भाग) ढोबळ नियम माहीत असेलच: तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. मे महिन्यात आमच्याकडे खोलीतच 40 अंश असतात, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. काही स्वस्त एसएमपीएसच्या डब्यावर छापलेले वॅट 40 अंशांनाच खरे असतात, त्यापुढे नाहीत. धूळ पुसता येते, उकललेला कपॅसिटर पुसता येत नाही.

धूळधाण:
वेगळं कार्ड असेल तर ऐकतो. पण टॅली आणि मुलांचे ऑनलाइन क्लास चालवणाऱ्या बिनकार्डाच्या मशीनमध्ये एवढी उष्णता येणार कुठून? शिवाय कमी लोडवर पंखा बंदच ठेवणारे एसएमपीएस आता मिळतात. पंखा थांबलेला असताना तोंड वर असेल तर आतली ऊब आपोआप वर निघून जाते. खाली असेल तर तिथेच कोंडते.

नवशिक्या:
मध्येच विचारतो, रागावू नका. तोंड वर केलं तर पंखा गरम हवा कॅबिनेटमध्येच फेकणार नाही का?

जुना खोका:
नाही. हल्लीच्या एटीएक्स (कॉम्प्युटरच्या भागांचा ठरलेला आराखडा) एसएमपीएसचा मोठा पंखा हवा आत ओढतो आणि ती मागच्या जाळीतून, पॉवर केबलच्या शेजारून, बाहेर पडते. डबा उलटा बसवला तरी यात काही बदलत नाही, हवा कुठून घेतो तेवढं बदलतं. खात्री करायची तर पंखा फिरत असताना मागच्या जाळीसमोर टिश्यू पेपर धरा, तो बाहेर उडेल. डबा उघडून पंखा उलटा लावायच्या फंदात मात्र पडू नका. 230 व्होल्टचं आत 325 व्होल्ट डीसी होतं, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्यात (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्यात) त्याहूनही जास्त, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतं.

हा घोळ जुनाच आहे. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्सचा आराखडा काढला तेव्हा कल्पना उलटी होती: एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडायची. पण एसएमपीएसमधून तापून आलेली हवा प्रोसेसरला काय गार करणार? पुढे दिशा बदलली, आणि डबा वर बसायचा त्या काळात तो प्रोसेसरची गरम हवाही बाहेर काढायचा. डबा तळाशी आल्यावर ते काम कॅबिनेटच्या पंख्यांकडे गेलं. आता त्याने स्वतःपुरतं बघावं. म्हणून माझं मत: तोंड खाली.

विदर्भवासी:
हेच म्हणतोय. आणि वर उघड्या तोंडात एखादा स्क्रू पडला तर? मदरबोर्ड लावताना पडतोच एखादा.

धूळधाण:
स्क्रू पडला तर जाळीवर थांबतो, बारीक असेल तर आत जातो, तेवढं मान्य. पण तो असेंबल करतानाचा प्रश्न आहे. धूळ रोजची.

पेणकर:
दोघेही एक गोष्ट विसरताय. हल्ली बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएसवर पत्र्याचं झाकण असतं. झाकणाला वरून जाळी नसेल तर वर तोंड म्हणजे गळा दाबणं, मग घरात धूळ कितीही असो. उलट, तळाला भोकंच नसलेल्या जुन्या कॅबिनेटमध्ये खाली तोंड करून काय उपयोग? आमच्याकडे कॅबिनेट लाकडी स्टुलावर ठेवलंय आणि पंखा खाली. पावसाळ्यात फरशीला ओल येते, म्हणून तसंही वर उचलावंच लागतं.

धूळधाण:
स्टूल ठेवायला टेबलाखाली जागा हवी ना राव. नवशिक्या, तुमच्या कॅबिनेटच्या झाकणाला जाळी आहे का ते आधी सांगा, आणि कार्ड कुठलं आहे तेही.