आबोर मोहिमेतील वनस्पतींच्या नोंदी: नुसता नमुना पुरेसा आहे का?

दप्तरदार (धागाकर्ते):
आसामच्या ईशान्य सीमेवरील सदिया येथील साहाय्यक राजकीय अधिकारी नोएल विल्यमसन आणि डॉ. ग्रेगरसन यांची मार्च १९११च्या अखेरीस सियांग खोऱ्यात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) हत्या झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेजर जनरल हॅमिल्टन बॉवर यांच्या नेतृत्वाखाली दंडात्मक मोहीम निघाली. आज ज्यांना आदी म्हणतात, त्यांना तेव्हाचे सरकार आबोर म्हणत असे. या फौजेबरोबर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आयझॅक हेन्री बर्किल होते. त्यांनी गोळा केलेल्या वनस्पतींवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने पुढे स्वतंत्र वृत्तान्त छापला. इस्किनँथस मोनेटारिया या वेलीचे वर्णन स्टीफन ट्रॉइट डन यांनी १९२० मध्ये बर्किल यांच्याच नमुन्यावरून केले. हे जुने नमुने संगणकावर चढवताना केवळ शीटचे, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेल्या कागदाचे, छायाचित्र न देता, त्या दिवसांचे मोहिमेचे दप्तरही (नोंदी आणि पत्रव्यवहार) सोबत जोडले जावे, असे माझे मत आहे. शीटवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव मिळते. मात्र तो संग्राहक बंदुकांच्या पहाऱ्यात चालत होता आणि सामान नागा हमालांच्या पाठीवर होते, हे त्यावरून कळत नाही.

सह्यवेली:
मोहिमेचा इतिहास जरूर लिहिला जावा, पण तो शीटला बांधू नये. शीटचे काम वनस्पतीची ओळख पटवणे हे आहे, आणि ते काम ती चोख करते. हीच इस्किनँथस शंभराहून अधिक वर्षांनी अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यात पुन्हा सापडली, तेव्हा ओळख पटवण्यास बर्किल यांचा नमुना आणि डन यांचे वर्णनच कामी आले. बॉवर यांच्या फौजेची हालचाल कोणी विचारली नाही. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात सुमारे सत्तर लाख नमुने आहेत. प्रत्येकाला दप्तर जोडायचे ठरवले, तर छायाचित्रे काढण्याचे कामच रखडेल.

देवराई:
मला दोघांचेही पटत नाही, कारण ‘सगळे खुले करा’ हे दोघांनीही गृहीत धरले आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८५० मध्ये खासी डोंगरात निळ्या वांडा ऑर्किडची सात हमालांची ओझी क्यूसाठी भरली; त्यातली मोजकीच रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. जागा दाखवून घेण्यासाठी एका गृहस्थाने आपला माळी त्यांच्यासोबत धाडला होता. त्या गृहस्थाने पाठवलेले एकच ओझे, वाईट अवस्थेत पोहोचूनही, तीनशे पौंडांना विकले गेले. हे खुद्द हूकर यांनीच लिहून ठेवले आहे. मिशमी टीटा या औषधी वनस्पतीचे मूळ पूर्वीपासून बांबूच्या छोट्या टोपल्यांतून आसामच्या बाजारात येत असे आणि आज ती वनस्पती संकटग्रस्त आहे. अशा वनस्पतींचे नेमके स्थळ जगासमोर ठेवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. दप्तर हवे तर जोडा, पण स्थळ तालुक्यापुरतेच दाखवा आणि पुढचे कोणाला दाखवायचे ते गावाला ठरवू द्या.

दप्तरदार:
देवराई यांची सूचना मला मान्य आहे. सह्यवेली यांना मात्र मी त्यांच्याच उदाहरणाने उत्तर देतो. मोहीम ऑक्टोबरात निघाली आणि पावसाळ्यापूर्वी आटोपली. म्हणजे ऐन पावसात फुलणाऱ्या कित्येक वनस्पती बर्किल यांना फुलावर आलेल्या दिसल्याच नसणार. शिवाय ते फौजेच्या वाटेने आणि छावण्यांच्या आसपासच हिंडू शकले. अंजाव त्या मुलखाच्या बऱ्याच पूर्वेला आहे. तेव्हा ही वेल शंभर वर्षे ‘दुर्मीळ’ होती की फक्त फौज तिकडे गेली नव्हती, याचा निवाडा शीट करू शकत नाही. एखाद्या यादीत वनस्पती नाही, एवढ्यावरून ती त्या डोंगरात नव्हती असे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्याच दृष्टीने धोक्याचे आहे. माझा मुद्दा नैतिकतेपुरता नाही.

सह्यवेली:
वाट आणि ऋतू यांचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी मोहिमेचा नकाशा आणि छावण्यांच्या तारखा एकदाच जोडल्या की पुरे. हत्येचा तपास, दंडवसुली आणि अधिकाऱ्यांचा आपसातला पत्रव्यवहार यांतून बिगोनियासारख्या एखाद्या वनस्पतीबद्दल काहीच निष्पन्न होत नाही. संग्रहालयाकडे जी दोन माणसे असतात, त्यांनी तो पत्रव्यवहार वाचत बसावे की कसर लागलेल्या शीट वाचवाव्यात, हे आधी ठरवा.

देवराई:
त्याच पत्रव्यवहारात कोणत्या गावाने वाट दाखवली, हे असेल तर? स्थळ कोणी उघडायचे याचा हक्क ज्या गावांना द्यायचा, त्यांची नावे नकाशावरच्या छावण्यांतून मिळणार नाहीत.