नुसता हात पडला म्हणजे नसच दबली, हे कुणी ठरवलं?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘तोंड वाकडं नाही, बोलणं नीट, नुसता हात लुळा, म्हणजे लकवा नव्हे. नस दबली असेल. शेक द्या, दोन दिवस वाट बघा.’ वाचून राहवलं नाही. सकाळी साडेसातला दाढी करताना बाबांच्या हातून रेझर पडलं. उजवं मनगट खाली लोंबतंय, दुखत काही नाही. आम्ही तेल चोळत बसलो. तिसऱ्या दिवशी एमआरआयत कळलं, मेंदूत डाव्या बाजूला बरोबर हात चालवणाऱ्या जागी रक्ताची गुठळी अडकून झटका, म्हणजे लकवाच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं हो!

रानवाट: ते मीच लिहिलं होतं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलो, उठलो तर मनगट पडलेलं. दीड महिन्यात बरा झालो. ऊठसूट लोकांना घाबरवू नका.

कडूकारलं: एमआरआय म्हणे! आमच्या तालुक्यात मशीन नाही. शहरात गेलं की आधी पैसे भरा. माझ्या मावशीला मानेचा पट्टा लावून चार महिने फिरवलं, फोटोवर फोटो.

रानवाट: तेच म्हणतोय. सगळा धंदा झालाय.

गोदाकाठ: धंद्यावर वेगळा धागा काढा. इथे माणसाचा हात जातोय!

फिजिओताई: भांडू नका. इंजेक्शनआधी साधा सीटी चालतो, मेंदूत रक्तस्राव नाही ना एवढं बघायला. मात्र सुरुवातीला सीटी स्वच्छ आला म्हणून झटका नाही, असं होत नाही. एक खूण सांगते. मूठ घट्ट आवळायला लावा. दंडातली नस दबली असेल तर मनगट खालीच राहतं. मेंदूतलं कारण असेल तर बऱ्याचदा मुठीबरोबर ते आपोआप वर येतं. पण ही परीक्षा डॉक्टरांनी करायची, घरी करून थांबायचं नाही. अचानक हात पडला की १०८ लावा.

रानवाट: ताई, झटक्यात नुसता हात पडलेले असे रुग्ण किती असतात?

फिजिओताई: शंभर झटक्यांत एखादाही नसेल. पण गुठळी मानेच्या धमनीतून किंवा हृदयातून आली असेल तर पुढची कुठे अडकेल, सांगता येत नाही.

रानवाट: बरं, ‘वाट बघा’ मागे घेतो. शेकानं मी बरा झालो, ते मात्र खरंय.

गोदाकाठ: दबलेली नस आपली आपण सुटली असेल, दादा. बाबांच्या शर्टाची बटणं अजून आई लावते.