प्रतिसाद: पार्लरमधलं मिठाचं स्क्रब

ताई, जळगावच्या पार्लरमध्ये गुलाबी मिठाचं स्क्रब सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी लिहिलंय की मीठ अंगातलं विष ओढून घेतं. ते काम लिव्हर-किडनीचं. मीठ फक्त वरची मृत त्वचा घासून काढतं. 'हिमालयन' म्हणून येणारं मीठ बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. गुलाबी रंग लोहामुळे, बाकी जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. मृत समुद्राचं मीठ मात्र खरंच वेगळं, त्यात मॅग्नेशियम भरपूर.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, कातडी आधीच कोरडी. म्हणून मीठ बारीक दळा, खडा राहिला की ओरखडे पडलेच. तिळाच्या तेलात इतपतच कालवा की चमच्यावरून सावकाश घसरेल. कोपर, टाचा, पाठ चालेल, चेहरा नको. वॅक्सिंगच्या दिवशी तर अजिबात नाही, अशी आग होते की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही! मधुमेह असेल तर आधी पायाच्या भेगा बघा. धुतल्यावर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. आणि हो, तेलाने फरशी जाम निसरडी होते, तिथे रबरी मॅट आधी टाका, महागड्या मिठाचं नंतर बघू.