मदत हवी आहे : बेस गिटारवरच पोट भरायचं आहे

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. सहा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवतोय. १४ एप्रिलच्या जयंतीपासून लग्नसराई संपेपर्यंत दम खायला वेळ नसतो, पावसाळा लागला की हात रिकामे. त्यात आयोजक म्हणतात, "कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस काढतोच की, तुला वेगळे पैसे कशाला?" (माझी वायर निघाली की ढोलकीवाला मात्र आधी माझ्याकडं बघतो.)

आता देवगिरी एक्सप्रेस धरून मुंबई गाठावी म्हणतोय. कान पक्का आहे, गाणं दोनदा ऐकलं की बसतं. पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले सूर) वाचता येत नाही. स्टुडिओत त्यावाचून अडतं का? लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षांच्या ८ ग्रेड केल्या तर काम मिळतं, की नुसत्या शिकवण्या? माझी गिटार चार तारांची आहे. खालच्या बी सुरासाठी पाच तारांची घ्यावीच लागेल का?

अजून एक. उन्हाळ्यात नेक (गिटारची लांब मान) मागं वाकते, पहिल्या तीन फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार खरखरते. मी ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करतो. बरोबर आहे ना? इकडं दाखवायला कारागीर सापडला नाही.

घरी "डीएड तरी कर" चालू आहे. जे स्वतः यावर जगतात त्यांनी खरं काय ते सांगा.